पॉइंट टू-टूची सहाबारी

शस्त्रांच्या व्यापारात ज्याला सिंगल ॲक्शन रिमफायर रिव्हॉल्वर असे लांबलचक नाव आहे, ते हत्यार नावाने जितके बोजड तितकेच रचनेने साधे असून, जुन्या मराठीतला सहाबारी हा शब्द त्याला आजही चपखल बसतो. नळीच्या मागे फिरते चक्र, त्या चक्रात काडतुसे बसवण्याची सहा घरे, त्यामागे घोडा, म्हणजे काडतुसावर ठोका देणारा हातोडीसारखा भाग, आणि खाली बोटाने ओढायचा चाप, एवढाच त्याचा संसार असतो. अमेरिकेत असे कोरे करकरीत रिव्हॉल्वर दोन-अडीचशे डॉलरांत मिळते आणि नेमबाजी शिकू पाहणाऱ्याचे पहिले हत्यार म्हणून ते अनेक दशके खपत आले आहे. चेन्नईतल्या एखाद्या हौशी माणसाने त्याची चित्रे कितीही पाहिली, तरी ते विकत घेण्याची सरळ वाट त्याला नाही. आणि ती का नाही, हे पाहू गेल्यास या साध्या यंत्राच्या आकर्षणाचे खरे स्वरूपही ध्यानात येते.

सिंगल ॲक्शन म्हणजे ज्यात चापाला एकच काम असते ती रचना. नेमबाजाने आधी अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, त्या ओढीबरोबर चक्र एका घराने पुढे सरकते आणि नवे काडतूस नळीच्या रेषेत येते. मग चाप दाबला की ताणून धरलेला घोडा सुटतो आणि बार उडतो. पुढच्या बारासाठी हीच क्रिया पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. याउलट डबल ॲक्शन रचनेत चापच घोडा उचलतो, चक्र फिरवतो आणि घोडा सोडतोही, त्यामुळे चाप लांब आणि जड लागतो, आणि तो ओढता ओढता नवशिक्याचा नेम हमखास ढळतो. चक्राचे हे यंत्र व्यवहारात आणणारा सॅम्युएल कोल्ट १८३० साली कॉर्व्हो नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून कलकत्त्याच्या सफरीवर निघाला होता आणि त्याच सफरीत त्याने आपल्या कल्पनेचा लाकडी नमुना कोरला, असे त्याच्या चरित्रात नोंदलेले आहे. चकमकीच्या ठिणगीवर चालणारी फिरत्या चक्राची बंदूक एलिशा कोलियरने १८१८ मध्येच इंग्लंडात पेटंट करून ठेवली होती. तेव्हा कोल्टची कल्पना कितपत स्वतःची होती, हा वाद शस्त्रेतिहासकारांना पुरून उरला आहे. कोल्टचे अमेरिकी पेटंट मात्र १८३६ चे, आणि आज सहाबारी म्हटले की जो आकार डोळ्यांसमोर येतो तो त्याच्या कंपनीच्या १८७३ सालच्या नमुन्याचा.

रिमफायर या शब्दाचा संबंध हत्याराशी नसून काडतुसाशी आहे. पितळी काडतुसाच्या बुडाला एक बारीक कडा असते. ती आतून पोकळ ठेवून तिच्यात ठोक्याने पेट घेणारे रसायन भरलेले असते, आणि घोड्याचा ठोका बुडाच्या मध्यभागी न पडता या कडेवर पडला की आतली दारू पेटते. कडा चेपली जावी यासाठी पितळ पातळ ठेवावे लागते, पातळ पितळ फार दाब सोसू शकत नाही, म्हणून दारू थोडी आणि गोळी हलकी ठेवावी लागते. एका मर्यादेतून दुसरी मर्यादा अशी निघत जाते आणि शेवटी हाती येते ते स्वस्त, कमी आवाजाचे आणि हाताला जवळजवळ न झटकणारे काडतूस. एकदा वापरलेले असे काडतूस पुन्हा भरता येत नाही, पण ते इतके स्वस्त असते की तशी गरजही सहसा भासत नाही. यातले सर्वांत प्रसिद्ध काडतूस .२२ लाँग रायफल हे असून भारतातले नेमबाज त्याला पॉइंट टू-टू किंवा नुसते टू-टू म्हणतात. त्याच्या गोळीचा व्यास सुमारे ५.६ मिलिमीटर आणि वजन साधारण अडीच ग्रॅम, म्हणजे पोलिसांच्या ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या गोळीच्या जेमतेम एक तृतीयांश. अर्थात ही गोळी लहान असली तरी खेळण्यातली नव्हे. नेम चुकला तर ती एक किलोमीटरहूनही दूर जाऊ शकते आणि माणसाचा प्राणही घेऊ शकते, म्हणूनच कायदा तिच्याकडे हसून पाहत नाही.

या प्रकाराला मोठ्या रिव्हॉल्वरची स्वस्त नक्कल समजण्याची चूक सर्रास होते, आणि इतिहास त्या समजुतीला साथ देत नाही. फ्रान्समध्ये फ्लोबेर याने १८४५ च्या सुमारास दिवाणखान्यात बसून नेमबाजी करता यावी म्हणून अशी चिमुकली काडतुसे बनवली, आणि त्यांचाच धागा पकडून स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीने १८५७ मध्ये आपले पहिले रिव्हॉल्वर बाजारात आणले. ते .२२ चे होते, रिमफायर होते, सिंगल ॲक्शन होते आणि त्याच्या चक्रात सात घरे होती. धातूच्या तयार काडतुसावर चालणाऱ्या अमेरिकी रिव्हॉल्वरांची परंपरा या चिमुकल्या हत्यारापासून सुरू होते. कोल्टचे भारदस्त सहाबारी तिच्यात १६ वर्षांनी आले. लाँग रायफल हे काडतूस १८८७ चे, आणि तेव्हापासून दारू बदलली, रसायन बदलले, पण मापे इतकी कायम राहिली की सव्वाशे वर्षांपूर्वीच्या हत्यारात बसणाऱ्या आणि आजच्या काडतुसाच्या मापांत फरक नाही.

स्वस्ताईचे कारण काडतुसात जसे आहे तसे ओतकामातही आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्टने आपल्या जुन्या सहाबारीचे उत्पादन थांबवले होते. युद्धानंतर अमेरिकेत दूरचित्रवाणी घरोघरी आली आणि तिच्यावर गुराख्यांच्या कथा सुरू झाल्या, तेव्हा कंबरेला सहाबारी लटकवण्याची हौस पुन्हा जागी झाली, पण ती पुरवणारा माल दुकानात नव्हता. ही पोकळी विल्यम रूगर यांनी हेरली. त्यांनी १९५३ मध्ये सिंगल-सिक्स नावाचे .२२ चे रिव्हॉल्वर काढले, दिसायला जुन्या कोल्टसारखे, पण आतून वेगळे, कारण मोडून जाणाऱ्या पट्टीच्या स्प्रिंगांऐवजी त्यात गुंडाळीच्या स्प्रिंगा होत्या. पुढे रूगर यांच्या कारखान्याने पोलादी भाग घडवून आणि तासून काढण्याऐवजी मेणाच्या नमुन्यावरून ओतण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली: मेणाचा नमुना, त्याभोवती साचा, तापवल्यावर मेण वितळून बाहेर आणि त्याच्या जागी वितळलेला धातू. चेन्नईच्या वाचकाला ही पद्धत समजावून सांगण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. एग्मोरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयातल्या चोळकालीन कांस्यमूर्ती याच तंत्राने ओतलेल्या आहेत, स्वामिमलैचे स्थपती आजही तिला सोडून नाहीत, आणि कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या मानसोल्लास या ग्रंथात तिचे वर्णन आहे. नटराज आणि रिव्हॉल्वर यांना एका वाक्यात आणणे कुणाला खटकेल, पण धातूला त्याचे सोयरसुतक नसते.

त्यानंतरची पायरी अधिकच काटकसरीची आहे. हेरिटेज कंपनीचे रफ रायडर आणि रूगर कंपनीनेच २०१९ मध्ये आणलेले रँगलर यांत नळी आणि चक्र पोलादाचे असते, पण सांगाड्यासाठी जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू वापरतात. मोठ्या काडतुसाच्या दाबाला असा सांगाडा टिकला नसता; टू-टूचा दाब कमी, म्हणून स्वस्त धातू चालतो. रँगलरवर निळसर झळाळीऐवजी रंगासारखा टणक लेप दिलेला असून, ते बाजारात आले तेव्हा त्याची छापील किंमत २४९ डॉलर होती, तर कोल्टच्या अस्सल सहाबारीला हजार डॉलरांच्या बरेच वर मोजावे लागत होते. पैसा वाचवताना सुरक्षिततेशी तडजोड केली, असेही म्हणता येत नाही. जुन्या सहाबारीत घोड्याचे टोक थेट काडतुसावर टेकलेले असे आणि हत्यार खाली पडले तर बार उडण्याचे भय असे, म्हणून शहाणे लोक सहापैकी एक घर रिकामे ठेवून घोडा त्यावर उतरवत. रूगर कंपनीने १९७३ पासून घोडा आणि ठोक्याची कांडी यांच्यामध्ये एक सरकती पट्टी घातली, जी चाप पूर्ण ओढल्याखेरीज वर येत नाही आणि ती वर आल्याशिवाय ठोका कांडीपर्यंत पोहोचतच नाही. रँगलरमध्येही ती आहे.

एवढ्यावरून हे हत्यार परवडते का याचे उत्तर मिळते, ते हवेसे का वाटते याचे मिळत नाही. त्याचे उत्तर त्याच्या संथपणात आहे. काडतुसे भरायची तर मागची छोटी झडप उघडून एकेक घर समोर आणायचे आणि एकेक काडतूस आत सारायचे. रिकामी टरफले काढायची तर तीही नळीखालच्या दांडीने एकेक करून ढकलायची. आणि प्रत्येक बारापूर्वी घोडा हाताने ओढायचा. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात शिकाऊ माणूस दहा गोळ्या काही सेकंदांत उधळून मोकळा होतो आणि कोणती कुठे गेली हे त्याला कळतही नाही. इथे प्रत्येक गोळी वेगळा निर्णय होते. मोठा दणका नसल्याने बार होण्यापूर्वीच डोळे मिटण्याची वाईट खोड लागत नाही, साडेआठशे ग्रॅमच्या आसपासचे वजन हात स्थिर ठेवते, घोडा वर आहे की खाली हे लांबूनही दिसते, आणि शिकवणाऱ्याला शेजारी उभे राहून पुढे काय होणार ते आधी सांगता येते. यंत्राच्या मर्यादा इथे गुरूचे काम करतात, आणि असा गुरू स्वस्तात मिळणे ही मामुली गोष्ट नव्हे.

यात स्वप्नरंजनाचा भाग नाही असे म्हणणे मात्र ढोंगीपणाचे होईल. गुराख्यांच्या चित्रपटांनी सहाबारीला जे वलय दिले ते अमेरिकेपुरते राहिले नाही; कोडंबाक्कमच्या तमिळ चित्रसृष्टीतही १९७० च्या दशकात जयशंकरने टोपी आणि सहाबारी घेऊन गंगा आणि जक्कम्मा यांसारखे चित्रपट केले, आणि २०१० मध्ये इरुम्बुक्कोट्टै मुरट्टु सिंगम या चित्रपटाने त्या साऱ्या प्रकाराची प्रेमाने खिल्ली उडवली. म्हणजे चेन्नईला या आकाराची ओळख आहे, ती पडद्यावरची आहे, आणि पडद्याबाहेर त्याची वाट कायद्याशी अडते.

ही अडवणूक स्वतंत्र भारताने शोधून काढलेली नाही. व्हाइसरॉय लिटनच्या राजवटीत झालेल्या १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला शस्त्रासाठी परवाना सक्तीचा केला आणि युरोपीयांना त्यातून सूट दिली. त्या काळात मद्रासच्या माउंट रोडवर साहेब लोकांना विलायती हत्यार विनासायास घेता येई आणि शेजारून जाणाऱ्या हिंदी वकिलाला त्यासाठी अर्ज करावा लागे. लाँग रायफल काडतूस ज्या वर्षी जन्मले त्याच १८८७ च्या डिसेंबरात काँग्रेसचे तिसरे अधिवेशन मद्रासला भरले होते. अध्यक्ष मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी होते, आणि स्वागताध्यक्ष सर टी. माधवराव, म्हणजे तंजावरच्या मराठी घराण्यातले, त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांची दिवाणगिरी केलेले मुत्सद्दी. त्या अधिवेशनात शस्त्रकायद्यात बदल व्हावा असा ठराव झाला आणि तरुण बिपिनचंद्र पाल त्यावर तडफेने बोलले. मागणीमागे नेमबाजीची हौस नव्हती. कायद्याने आपल्याला अविश्वासू ठरवले याचा अपमान होता. या भेदभावाचा एक चमत्कारिक अवशेष कोडगूमध्ये टिकून आहे: ब्रिटिशांनी कोडवा समाजाला दिलेली परवान्यातली सूट केंद्र सरकारने २०२९ पर्यंत वाढवली आहे.

आजचा कायदा १९५९ चा असून तो १९६२ पासून लागू आहे, आणि त्याचे तपशील २०१६ च्या नियमांत आहेत. चेन्नई शहरात परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते, पोलिसांची चौकशी होते, हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात. निवडणुका लागल्या की तीही ठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात. मुख्य प्रश्न कारणाचा असतो. जिवाला धोका, पिकांचे रक्षण, मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाचा नेमबाजीचा सराव, घराण्यातून आलेला वारसा, ही कारणे कायद्याला समजतात. रविवारी सकाळी घोडा ओढून डब्याला नेम धरावासा वाटतो, हे कारण अर्जाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही, आणि लोकवस्तीची दाटी पाहता ते बसू नये असे मानणाऱ्यांची बाजूही हलकी नाही. त्यात परदेशी हत्यारांची वैयक्तिक आयात १९८० च्या दशकापासून बंद असून सवलत आहे ती नामांकित नेमबाजांना, त्यांच्या खेळापुरती.

मग देशात स्वस्त टू-टू बनतच नाही काय, तर बनते, पण तिचा चेहरा निराळा आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ च्या जानेवारीत निर्भीक नावाचे .३२ चे अर्धा किलोचे रिव्हॉल्वर आणले, त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती आणि दिल्लीतील २०१२ च्या अत्याचारानंतर स्त्रियांच्या स्वसंरक्षणासाठी म्हणून त्याची जाहिरात झाली. पुढे ईशापूरच्या रायफल कारखान्याने निडर हे .२२ चे रिव्हॉल्वर काढले, वजन सुमारे २५० ग्रॅम आणि किंमत सुमारे ३५ हजार रुपये. काडतूस तेच, परवडण्याची भाषाही तीच, तरी निडर आणि रँगलर यांच्यात मूळ हेतूचेच अंतर आहे. एक खिशात किंवा पर्समध्ये लपावे म्हणून पावशेराचे केले आहे, दुसरे हातात स्थिर राहावे म्हणून साडेतीन पट जड ठेवले आहे; एक संकटाच्या क्षणी काही पावलांवर चालवायचे, दुसरे निवांतपणी. दोघांच्या नावांतूनही हे कळते: आपल्याकडच्या कारखान्यांनी आपल्या रिव्हॉल्वरांना निर्भीक, निडर, प्रबळ अशा अर्थाची नावे दिली, म्हणजे विकली जाणारी वस्तू भीतीवरचा उतारा आहे हे गृहीत धरले, तर रँगलर म्हणजे गुरे हाकणारा.

खेळाच्या वाटेनेही सिंगल ॲक्शन सहाबारीला प्रवेश नाही, आणि इथे दोष कायद्याचा नसून घड्याळाचा आहे. टू-टूचे काडतूस ऑलिंपिकमध्ये सन्मानाने नांदते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये मिळवलेले कांस्य या काडतुसाचे, कोल्हापूरच्याच राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात पटकावलेले सुवर्णही त्याचेच, आणि लंडनला २०१२ मध्ये विजयकुमारने रॅपिड फायर पिस्तुलात मिळवलेले रौप्यही त्याचेच. पण रॅपिड फायर प्रकारात पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या आधी आठ, मग सहा आणि शेवटी चार सेकंदांत झाडायच्या असतात. दर गोळीला अंगठ्याने घोडा ओढणाऱ्याला चार सेकंद कसे पुरणार? म्हणून या स्पर्धांत आपोआप भरणारी पिस्तुलेच दिसतात, आणि खेळाडूला मिळणारी आयातीची सवलत सहाबारीच्या कामी येत नाही.

चेन्नईतल्या हौशी माणसासाठी उरते ती हवेच्या दाबावर चालणारी एअर पिस्तूल. तिचा छर्रा .१७७ इंची, म्हणजे ४.५ मिलिमीटरचा असतो, आणि २० जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या, या मापाच्या हवाई हत्याराला २०१६ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. चेन्नई रायफल क्लबसारख्या संस्थेत शिकणाऱ्याच्या हाती बहुधा प्रथम तीच येते, आणि चित्रपट अभिनेता अजित कुमार याने २०२१ च्या राज्य स्पर्धेत पिस्तुलाच्या प्रकारांत पदके मिळवल्यापासून या खेळाची चर्चा शहरात अगदी चहाच्या टपरीपर्यंत पोहोचली. तिचा डौल सहाबारीचा नाही. तिला ना फिरते चक्र, ना घोडा मागे जाताना होणारी ती खट् खट्. पण एका वेळी एकच छर्रा भरायचा, हात उचलायचा, श्वास सावरायचा, चाप हलकेच दाबायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, हा क्रम तोच आहे. दहा मीटरच्या स्पर्धेत साठ छर्‍यांसाठी पंच्याहत्तर मिनिटे देतात, आणि नवशिके पहिल्या महिन्यात त्यांतली निम्मी उगाचच शिल्लक ठेवतात.